मोजलेला उजेड

“सोलापुरात ऊन कमी पडलं व्हय सिस्टर, म्हणून दवाखान्यात लाइट घ्यायला यायचं?” फोटोथेरपीच्या खोलीत पहिल्यांदा आलेला पेशंट हे विचारतोच. कुणी थट्टेने, कुणी खरोखर वैतागून. प्रश्न रास्त आहे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो, आणि इथे मी माणसाला कपडे उतरवून ट्यूबलाइटच्या कपाटात उभं करते.

मी या शहरातल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नोकरीची बरीच वर्षं त्वचारोग विभागात, आणि त्यातलीही बहुतेक या एका खोलीत गेली. मेडिसिन वॉर्डातल्या मैत्रिणींना माझा हेवा वाटायचा. सलाइन नाही, रात्रपाळी नाही, बटण दाबायचं आणि बसायचं. बटण दाबायला खरंच काही लागत नाही. पण ते किती वेळ दाबलेलं ठेवायचं, हे ठरवण्यात अख्खी नोकरी गेली.

उन्हाच्या प्रश्नाचं उत्तर मी असं देते. ऊन म्हणजे मिसळ आहे. त्यात उजेड आहे, उष्णता आहे, अतिनील किरणांतले लांब लहरींचे ‘ए’ भरपूर आहेत आणि आपल्याला हवे ते ‘बी’ किरण थोडेसेच. तेही सकाळी वेगळे, दुपारी वेगळे, ढग आले की वेगळे. किती मिळाले ते कुणीच सांगू शकत नाही. कमी पडले तर गुण नाही, जास्त झाले तर कातडी भाजते. आणि ज्यासाठी लोक इथे येतात त्या सोरायसिसची कातडी जिथे भाजते, खरचटते किंवा घासते, तिथे नवा चट्टा उठू शकतो. मशीनच्या ट्यूबमधून त्या मिसळीतला एकच पदार्थ बाहेर पडतो, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि तो मोजता येतो.

हा आकडा आभाळातून पडलेला नाही. १९८१ साली अमेरिकेत पॅरिश आणि येनिके या दोघांनी पेशंटच्या चट्ट्यांवर एकेका तरंगलांबीचे किरण वेगवेगळे टाकून पाहिले. २९० आणि त्याखालचे किरण कातडी नुसतीच लाल करत होते, चट्टा हलत नव्हता. २९६ ते ३१३च्या पट्ट्यात मात्र चट्टे विरत होते. त्यावरून फिलिप्सने पुढे टीएल-०१ नावाची ट्यूब काढली, आणि तिच्यावरच आज जगभरातल्या आमच्यासारख्या बहुतेक खोल्या चालतात. त्याआधी लोकांनी बरंच काही करून पाहिलं होतं. कोपनहेगनच्या फिन्सेनला दिव्याच्या किरणांनी कातडीचा क्षय बरा करण्याबद्दल १९०३चं नोबेल मिळालं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गोकरमनने १९२५ साली सोरायसिसवर डांबर चोपडून वरून किरण देण्याची पद्धत सांगितली. डांबराचं मलम आमच्याकडे अजूनही लिहून देतात. साडीला लागलं की डाग जात नाही म्हणून बायका ते कपाटात ठेवून देतात, हा भाग वेगळा.

पहिल्या दिवशी पेशंट हमखास निराश होतो. तो मनाची तयारी करून आलेला असतो. मशीन केवढं मोठं, चारी बाजूंनी माणसाएवढ्या उंच ट्यूब, डोळ्यांना काळा गॉगल, वर पंख्याचा आवाज. दार लागतं, निळसर उजेड पेटतो आणि मिनिटभरात विझतो. “एवढंच का ओ? अजून जरा ठेवा की.” पुण्याहून-मुंबईहून मुलांनी खास फोन करून पाठवलेले काका तर रागावतात. तीन तास बसमध्ये बसून आलो आणि एका मिनिटात बाहेर काढता? त्यांना वाटतं, हा शेक आहे, आणि शेक जितका जास्त तितका बरा.

खरं तर उष्णतेचा इथे काही संबंध नाही. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या कातडीला सुरुवात साधारण चौरस सेंटिमीटरला ३०० मिलिज्यूलच्या आसपास करतात. ट्यूबमधून दर सेकंदाला ५ मिलिज्यूल येत असतील तर हा डोस ६० सेकंदांत पुरा होतो. ट्यूब जुन्या होऊन ३ वर आल्या तर त्याच डोसला १०० सेकंद लागतात. म्हणून कार्डावर सेकंद लिहून भागत नाही, मिलिज्यूल लिहावे लागतात. मागे एकदा मशीनच्या सगळ्या ट्यूब एकदम बदलल्या, तेव्हा बदली कामावर आलेल्या मुलीला मी पहिली गोष्ट हीच सांगितली: आज कुणालाही कालच्या सेकंदांवर आत सोडायचं नाही. नव्या ट्यूबखाली जुना वेळ म्हणजे पेशंट रात्रभर तळमळणार. किरणांची तीव्रता मोजायचं छोटं मीटर असतं. ते मिळावं म्हणून आम्ही किती अर्ज केले आणि फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस झोपली, हे सांगत बसत नाही. सरकारी असो की खाजगी, मशीन घेताना सगळ्यांकडे पैसे असतात. मीटर आणि ट्यूब घेताना नसतात.

खोलीतले नियम वरवर क्षुल्लक दिसतात, पण त्यामागे कारणं आहेत. प्रत्येक वेळी त्याच मापाची चड्डी घालून या, असं मी सांगते. लोक हसतात. पण पंधरा वेळा लाइट घेऊन मांडीची उघडी कातडी वाढलेल्या डोसला सरावलेली असते; सोळाव्या वेळी आखूड चड्डी घातली, तर जी चार बोटांची पट्टी आजवर झाकलेली होती ती थेट मोठ्या डोसखाली येते आणि भाजते. केस कापून आलेल्या माणसाच्या मानेचंही तसंच. चेहऱ्यावर चट्टे नसतील तर तोंड फडक्याने झाकायचं. पुरुषांनी नाजूक भाग झाकायचाच. अत्तर लावायचं नाही. कोंडा निघावा म्हणून सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम दिलेलं असतं, ते लाइट घेऊन झाल्यावर लावायचं, कारण ते किरण अडवतं. खोबरेल तेलाचा पातळ हात मात्र चालतो. पापुद्र्यांवरून उजेड परत फिरतो तो त्याने जरा कमी होतो.

कपडे उतरवणं हा सगळ्यात अवघड भाग. ज्यांनी वर्षानुवर्षं लांब बाह्यांचा ब्लाउज आणि डोक्यावरून पदर यांच्या आड स्वतःला लपवलं, त्यांना मी म्हणते, मावशी, सगळं काढा. काही बाया पहिल्या दिवशी नुसत्या स्टुलावर बसून रडून परत गेल्या आहेत. मी आग्रह करत नाही. पुढच्या वेळी ये म्हणते. बहुतेक येतात.

आता हा उजेड आत जाऊन करतो काय? सोरायसिसला आपण कातडीचा रोग म्हणतो, पण बिघाड मुळात प्रतिकारशक्तीत आहे. निरोगी कातडीत तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. चट्ट्यात हाच प्रवास तीन-चार दिवसांत उरकतो. पेशी पिकायच्या आतच वर पोहोचतात, एकमेकींना चिकटून राहतात, त्याचे चंदेरी पापुद्रे होतात. ही घाई त्यांना लावतात टी-पेशी. एरवी जंतूंशी लढायचं काम असलेल्या या पांढऱ्या पेशी काही शत्रू नसताना कातडीत तळ ठोकतात. इंटरल्युकिन-२३ नावाचं रसायन त्यांना पोसत राहतं, त्या इंटरल्युकिन-१७ सोडतात, त्याने कातडीच्या पेशी चेकाळतात आणि आणखी टी-पेशींना बोलावून घेतात. दाह असा स्वतःच स्वतःला चालवत राहतो. चट्टा लाल असतो, गरम लागतो, पापुद्रा ओढला तर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब दिसतात; कारण खाली रक्तवाहिन्या फुगून अगदी वर आलेल्या असतात.

३११चे किरण फार खोल जात नाहीत. पण कातडीच्या वरच्या थरात आणि त्याच्या लगेच खाली जिथे या टी-पेशी बसलेल्या असतात, तिथवर पोहोचतात. पेशीचा डीएनए ते शोषून घेतो आणि त्याच्या साखळीत गाठी पडतात. कातडीच्या पेशी त्या गाठी बऱ्यापैकी दुरुस्त करून घेतात, काही काळ वाढ थांबवतात; टी-पेशींना ते जमत नाही, त्या आपला कारभार आटोपून मरतात. कातडीत युरोकॅनिक आम्ल असतं, ते किरणांनी आपला आकार बदलतं, आणि बदललेल्या आकारात ते प्रतिकारशक्तीला दबून राहायला लावतं. दाह शमवणारं इंटरल्युकिन-१० वाढतं, २३ आणि १७ची साखळी ढिली पडते. म्हणजे जो उजेड वरून शेकल्यासारखा वाटतो, तो खरं तर आतली आग विझवत असतो. डॉक्टरांनी मला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी विचारलं होतं, डीएनएला इजा करूनच गुण येतो म्हणता, मग कॅन्सरचं काय? हा प्रश्न पेशंटही विचारतात आणि त्यांना गप्प बसवू नये. सोरालेनची गोळी देऊन ‘ए’ किरण देण्याची जी जुनी पद्धत आहे, पुवा म्हणतात तिला, ती १९७४ साली गाजली. तिच्या शेकडो बैठका घेतलेल्या गोऱ्या पेशंटांत पुढे कातडीच्या एका प्रकारच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलं. ३११च्या ट्यूबबद्दल तसं ठोस काही आजवर दिसलेलं नाही, आणि आपली कातडीही त्या बाबतीत जरा टणक. तरी प्रत्येकाच्या कार्डावर एकूण बैठकांचा हिशेब ठेवायचा असतो, तो याचसाठी.

सोरालेन म्हणजे आपल्या बावचीच्या बियांतलंच द्रव्य. कोडावर बावची लावून उन्हात बसायचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. हे ऐकून अभिमान वाटतो हे ठीक, पण बावचीचं तेल चोपडून दुपारी गच्चीवर बसलेली आणि दोन-तीन दिवसांनी अंगभर फोड घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. या भाजण्याचा खोडसाळपणा असा की ते लगेच दिसत नाही. ३११चा लालसरपणा दुसऱ्या दिवसापर्यंत कळतो; सोरालेनचा दोन-तीन दिवसांनी वर येतो. तोवर माणसाने आणखी दोनदा ऊन घेतलेलं असतं.

गुण येताना आधी डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतो. सात-आठ बैठकांनंतर पाठीवरून तळहात फिरवला की चट्ट्याची कड बोटाला लागेनाशी होते. लाली तेवढीच असते, पेशंट म्हणतो काही फरक नाही, पण जाडी उतरलेली असते. घरी झाडलोट करणाऱ्या बायकोला आधी कळतं, कारण अंथरुणात कोंडा कमी पडतो. मग कधीकधी चट्ट्याभोवती फिकट कडं उमटतं. तो घाबरून दाखवतो, मी मनातून खूश होते. छाती-पोट-पाठ आधी साफ होतात. नडग्या शेवटपर्यंत हट्ट धरतात. डोक्यात केसांमुळे आणि काखा-जांघांत घड्यांमुळे उजेड पोचतच नाही, तिथे मलमच. सगळं नीट चाललं तर वीस ते तीस बैठकांत अंग मोकळं होतं. आठवड्यातून तीनदा, म्हणजे सात ते दहा आठवडे.

नीट चाललं तर. इथेच माझ्या कामाचं खरं दुखणं आहे.

विडी कामगार असलेली एक ताई माझ्याकडे येत असे. शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू, माझ्याशी मराठी. दोन्ही तळहात तडकलेले, अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरांना खोल भेगा. विडी वळताना नेमकी तीच पेरं घासतात, आणि घासेल तिथे सोरायसिस उठतो. तळहाताची कातडी जाड, तिथे ३११ पुरत नाही. म्हणून तिला कोमट पाण्यात सोरालेनचं द्रावण टाकून हात बुडवून बसवायचं आणि मग हातांच्या छोट्या पेटीतून ‘ए’ किरण द्यायचे. हात पाण्यात असताना ती हिशेब सांगायची. विडीचे पैसे हजारावर. सकाळी नऊ ते एक आमची ओपीडी. इथे येऊन जाऊन बसून निघेपर्यंत दुपार. म्हणजे आठवड्यातून तीन दिवस अर्धी मजुरी गेली, वर रिक्षा. भेगांतून रक्त आलं तर पानाला लागतं, विडी नापास होते, तेही गेलं. हात बरे होत होते. भेगा भरल्या, मूठ मिटायला लागली. आणि मूठ मिटायला लागली तशी ती यायची बंद झाली, कारण आता पुन्हा पूर्ण हजार वळता येत होते. चार महिन्यांनी परत आली तेव्हा हात पहिल्यासारखे. मी रागावले नाही. कशावर रागावणार?

खाड्यांचा नियम कडक असतो. आठवडाभर आला नाही तर डोस वाढवायचा नाही. दोन आठवडे झाले तर पाव भाग कमी करायचा, तीन आठवडे झाले तर निम्मा. त्यापुढे पुन्हा पहिल्या पायरीवरून. आषाढात हा नियम आमच्याकडे दरवर्षी आडवा येतो. वारीला गेलेला माणूस ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालून आला की तीन आठवड्यांच्या वर दिवस गेलेले असतात. अंग उन्हाने रापलेलं, चट्टेही थोडे बसलेले, तो आनंदात असतो. आणि मी त्याच्या कार्डावर पुन्हा ३०० लिहिते. “माउली, मी बाराशेवर होतो की.” होता, पण ते विसरा. वारीला जाऊ नका असं मी कधी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

खाड्यांपेक्षा वाईट म्हणजे सुई. बाजाराच्या गावी बसणारा कुणीतरी ‘एका सुईत साफ’ करून देतो. ते स्टेरॉइड असतं. आठ दिवसांत अंग आरशासारखं, मग सुईचा असर उतरतो आणि दाह दुप्पट जोराने उसळतो. कधी अंगभर पू भरलेल्या बारीक पुळ्या, कधी डोक्यापासून पायापर्यंत लालभडक आणि थंडीने कुडकुडणारा माणूस. असा पेशंट आला की त्याला माझ्या खोलीत आणतच नाहीत, सरळ वॉर्डात भरती करतात. त्या लाल कातडीवर किरण टाकायची सोय उरलेली नसते.

याउलट एक सुखाची गोष्ट. गरोदर बाईला सोरायसिसच्या बहुतेक गोळ्या चालत नाहीत. मेथोट्रेक्सेट तर मुळीच नाही. ३११चा उजेड चालतो. सातव्या महिन्यात पोट घेऊन केबिनमध्ये उभी राहणारी सून आणि बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसलेली सासू, अशी जोडी वर्षाकाठी येतेच. सासूला वाटतं आत एक्स-रे चाललाय. मी तिला सांगते, आजी, हे किरण पोटापर्यंत जातच नाहीत, कातडीवरच संपतात. मग ती दुसऱ्या वेळी डबा घेऊन येते.

नवी महागडी इंजेक्शनं आली आहेत. इंटरल्युकिन-१७ला थेट पकडणारी, आणि त्यांचा गुण मी डोळ्यांनी पाहिला आहे. उगाच नाकं मुरडणार नाही. पण ती ज्यांना परवडतात ते माझ्या बाकावर बसत नाहीत. शिवाय ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते, आणि आपल्या देशात तो प्रश्न लहान नाही. माझ्या बाकावरच्या माणसाला उजेडच परवडतो. त्याला परवडत नाहीत ते उजेडापर्यंत पोचायचे तास.

२०२४ साली अमेरिकेत ७८३ पेशंटांवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना घरी वापरायचं यंत्र दिलं, निम्म्यांना दवाखान्यात बोलावलं. गुणात घरचा उजेड कमी पडला नाही. मला महत्त्वाचा वाटला तो दुसरा आकडा: ठरलेल्या वेळा घरच्यांपैकी निम्म्यांनी पाळल्या, दवाखान्यात येणाऱ्यांपैकी जेमतेम १६ टक्क्यांनी. हे वाचून मला बरं वाटलं. गाड्या-घोडे असलेल्या देशात ही गत, तर आमच्या अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळ्याच्या माणसाला ‘तुम्ही नियमित येत नाही’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

आमच्याकडे घरोघरी यंत्र देणं आज होणार नाही, हे मलाही कळतं. पण दोन गोष्टी होण्यासारख्या आहेत. तालुक्याच्या रुग्णालयांत एकेक केबिन बसवावी. तिला लागते ती एक खोली, नीट वीज, एक शिकवलेली नर्स आणि मीटर. आणि जिथे केबिन आधीच आहे तिथे ती संध्याकाळी पाच ते आठ उघडी ठेवावी, म्हणजे विडीवाली, यंत्रमागावरचा, शाळेत जाणारी मुलगी, कुणाचाच दिवस मोडणार नाही. डोस मोजायला आम्ही शिकलो आहोत, वेळ तेवढी बदलून द्या.